फोटोवाला कसा निवडावा?

तुळशीचे लग्न लागले, की लोहारा तालुक्यातल्या आमच्या माकणीत घरोघरी लग्नाच्या याद्या निघतात. आचारी, मांडववाला, बँडवाला यांची पारख करायला चार जाणती माणसे बसतात, फोटोवाल्याची पाळी आली, की मात्र एकच प्रश्न निघतो – "किती घेणार?" तो फोटो कसे काढतो, हे कोणी विचारीत नाही. माझे म्हणणे, तेच आधी विचारावे.

हल्लीचा फोटोवाला पाहा. अंतरपाट दूर होतो न होतो तोच स्वारी नवरा-नवरीच्या पुढ्यात उभी! पाहुण्यांच्या अक्षता पडतात त्याच्या पाठीवर. 'हार पुन्हा घाला', 'गुरुजी, जरा थांबा', 'नवरीबाई, इकडे बघून हसा'! लग्न नक्की कोणाचे चालले आहे, असा प्रश्न पडावा. आणि सांगून हसवलेली नवरी कोणत्याही अल्बमात सारखीच दिसते.

या कलेतले थोर लोक निराळे होते. फ्रान्सचा हेन्री कार्तिए-ब्रेसाँ आपल्या लायका कॅमेऱ्याचे चकचकीत भाग काळ्या पट्टीने झाकून टाकी. फ्लॅशचा तर त्याला तिटकारा. ३० जानेवारी १९४८ रोजी, हत्येच्या काही वेळ आधी, तो गांधीजींना भेटला होता. नंतर दिल्लीतल्या शोकाकुल गर्दीचे फोटो त्याने काढले. त्या गर्दीला 'इकडे बघा' म्हणायची गरज नव्हती.

दूरचे कशाला, आमच्याकडचेच सांगतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला. सास्तूर, किल्लारी ही आमच्या शेजारची गावे. दगडमातीच्या जाड भिंती निजलेल्या माणसांवर कोसळल्या. हजारो माणसे गेली. त्यांच्याबरोबर ट्रंकांतले फोटोही गेले. एका घरचा लग्नाचा अल्बम तेवढा वाचला, कारण तो लेकीच्या सासरी सोलापुरास होता. मी तो पाहिला आहे. खुर्चीत ताठ बसवलेल्या नवरा-नवरीचे पान घरची माणसे भराभर उलटतात. बोट थांबते ते एका साध्या फोटोवर. मांडवाच्या खांबाला टेकून म्हातारी आजी मांडीवरच्या नातवाच्या मुठीत अक्षता देते आहे. आपला फोटो निघतो आहे, हे तिच्या गावीही नाही. ती आणि तो नातू, दोघेही त्या पहाटे गेले. घरच्यांपाशी त्यांचा दुसरा फोटो नाही.

तेव्हा इसार देण्यापूर्वी एवढे करा. निवडक फोटोंवर भाळू नका. एकाच लग्नाचा सबंध अल्बम मागा. त्यात म्हातारीकोतारी, पोरेसोरे, पंगतीत वाढणारी माणसे, पाठवणीच्या वेळी आडोशाला डोळे पुसणारा बाप दिसला, तर माणूस आपल्या कामाचा. लग्नाला तो स्वतः येणार की दुसऱ्याला धाडणार, हेही विचारा. हळदीलाच त्याला बोलवा, वडीलधाऱ्यांची ओळख करून द्या, पंगतीला बसवा. ओळखीच्या माणसापुढे कोणी अवघडत नाही. मांडवात उजेड पुरेसा ठेवा, म्हणजे त्याला घडोघडी फ्लॅश मारावा लागणार नाही.

आणि फोटो हाती आले, की त्यांची एक प्रत दुसऱ्या गावी, सोयऱ्यांच्या घरी ठेवा. आमच्या भागात याचे कारण कोणाला सांगावे लागत नाही.