विश्लेषण : प्रकाशाच्या झोतातून इंटरनेट, जालन्याच्या शिवारात किती उपयोगाचे?

ई-पीक पाहणीची नोंद शेताच्या बांधावर उभे राहून करायची असते. पण ती सर्व्हरपर्यंत पोहोचायला रेंज लागते. मंठा, घनसावंगी किंवा जाफराबादच्या शिवारात जिथे रेंजची एकच काडी दिसते, तिथे कापूस-सोयाबीनचा फोटो ‘अपलोड’ होता होत नाही. अशा वेळी ‘आता बल्बच्या उजेडातून इंटरनेट मिळणार’ अशा बातम्या मोबाइलवर फिरू लागतात आणि आशा वाढते. यातले किती खरे, हे पाहायला हवे.

लाय-फाय म्हणजे काय?

टीव्हीचा रिमोट हे त्याचे घरातले उदाहरण. बटण दाबले की रिमोटच्या टोकाशी असलेला छोटा एलईडी डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश चालू-बंद करतो आणि टीव्ही ती उघडझाप ‘वाचतो’. मध्ये कुणी येऊन बसले की चॅनेल बदलत नाही, कारण प्रकाश माणसातून आरपार जात नाही. लाय-फायमध्ये हीच उघडझाप सेकंदाला लाखो-कोट्यवधी वेळा होते, त्यामुळे डोळ्यांना दिवा स्थिरच दिसतो. एडिंबरा विद्यापीठाचे प्रा. हेराल्ड हास यांनी २०११ मध्ये टेबल लॅम्पच्या प्रकाशातून व्हिडीओ चालवून दाखवला, तेव्हा हे नाव जगभर झाले. २०२३ मध्ये त्यासाठी ‘८०२.११बीबी’ हे आंतरराष्ट्रीय मानकही आले.

कल्पना मात्र त्याहून फार जुनी. टेलिफोनवाल्या ग्रॅहम बेल यांनी १८८० मध्येच आरशावर पडलेल्या सूर्यप्रकाशातून सुमारे २१३ मीटरवर आवाज पोहोचवला होता. पुढे रेडिओ लहरी सोयीच्या ठरल्या आणि प्रकाश मागे पडला. जुन्या मोबाइलमधले ‘इन्फ्रारेड’ आठवत असेल, तर दोन फोन समोरासमोर धरून गाणे पाठवण्याची कसरतही आठवेल. ब्लूटूथ येताच ते गेले.

मग शेतकऱ्याला फायदा काय?

थेट फायदा नाही, हे स्पष्ट सांगायला हवे. बांधावर दिवा नाही, डोक्यावर ऊन आहे, फोन खिशात आहे. खिशातल्या फोनपर्यंत रेडिओ लहर पोहोचते, प्रकाश पोहोचत नाही. लाय-फायची जागा बंद खोलीत आहे. एका खोलीतला डेटा भिंतीपलीकडे जाऊ नये असे वाटते, किंवा रेडिओ लहरींचा अडथळा चालत नाही, अशा ठिकाणी ते कामाचे आहे. गावोगाव लाय-फायचे बल्ब लावण्याची योजना उद्या कुणी मांडली, तर ती नाकारलेलीच बरी.

पण प्रकाशाचा दुसरा उपयोग आहे आणि जालन्यासारख्या जिल्ह्याने त्याकडे पाहायला हवे. मोबाइल टॉवर हवेतून फोनशी बोलतो. टॉवरला स्वतःला मात्र मागून इंटरनेट लागते. ते येते जमिनीखालच्या फायबरने किंवा टॉवर ते टॉवर रेडिओ दुव्याने. हा मागचा दुवा प्रकाशाच्या बारीक झोताने जोडता येतो. दोन उंच खांबांवर दोन यंत्रे समोरासमोर बसवायची आणि फायबरमधून जातो तसाच प्रकाश हवेतून पाठवायचा. गुगलची मूळ कंपनी अल्फाबेटमध्ये जन्मलेल्या आणि २०२५ मध्ये वेगळ्या झालेल्या ‘तारा’ या कंपनीची यंत्रे २० किलोमीटरपर्यंत, सेकंदाला २० गिगाबिटपर्यंत डेटा नेतात.

आफ्रिकेत काँगो नदीच्या दोन काठांवर ब्राझाव्हिल आणि किन्शासा ही शहरे आहेत. मधले अंतर पाच किलोमीटरही नाही, पण फायबरला ४०० किलोमीटरहून अधिक वळसा पडत होता. २०२१ मध्ये तिथे नदीवरून झोत सोडला आणि २० दिवसांत जवळपास ७०० टेराबाइट डेटा गेला. भारतात आंध्र प्रदेशने २०१७ मध्ये असे दोन हजार दुवे उभारण्याची घोषणा केली होती. २०२३ मध्ये एअरटेलनेही ‘तारा’शी हात मिळवला.

अंबड-घनसावंगीच्या दक्षिणेला गोदावरी आहे, पलीकडे बीड जिल्हा. पण गोदावरी म्हणजे काँगो नव्हे. शहागडला पूल आहे आणि केबल पुलावरून जाते. जालन्याची अडचण नदीची नसून खोदकामाची आहे. रस्त्याचे रुंदीकरण, पाण्याची पाइपलाइन, जेसीबीचा एक फटका, की फायबर तुटली. भारतनेटची पहिली रचना सरळ रेषेतली, म्हणजे एका ठिकाणी तुटले की पुढच्या ग्रामपंचायती बंद. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने १ लाख ३९ हजार ५७९ कोटी रुपयांची सुधारित योजना मंजूर केली, तिच्यात वर्तुळाकार जोडणी आहे. एक बाजू तुटली तर दुसऱ्या बाजूने डेटा फिरतो. हे वर्तुळ जिथे खोदकामावाचून अडते, तिथला शेवटचा तुकडा झोताने जोडणे हाच या तंत्राचा खरा उपयोग. त्यासाठी स्पेक्ट्रमचा लिलावही लागत नाही, कारण रेडिओ लहरींची व्याख्या ३,००० गिगाहर्ट्झपाशी संपते. दूरसंचार कायदा २०२३ मध्ये ऑप्टिकल यंत्रणेचाही उल्लेख असल्याने परवान्यातून सुटका मात्र नाही.

अडथळे कोणते?

पावसापेक्षा धुके वाईट. धुक्याचे कण इतके बारीक असतात की ते प्रकाश विखरून टाकतात. थंडीतल्या पहाटे नदीकाठचे दुवे मंदावणार, हे धरूनच चालावे आणि सोबत रेडिओचा पर्यायी दुवा ठेवावा. वाऱ्याने खांब हलला तर यंत्रातले आरसे झोत पुन्हा नेमावर आणतात. पण समोर नवे बांधकाम उभे राहिले तर आरसे काही करू शकत नाहीत.

आणि वीज गेली की झोतही गेला. म्हणून अशा दुव्याची निविदा निघेल तेव्हा किती गिगाबिट यापेक्षा तीन गोष्टी आधी पाहाव्यात : बॅटरी किती तास चालणार, बिघाड झाल्यास माणूस कुठल्या तालुक्यातून येणार आणि उन्हाळ्यातली धूळ बसल्यावर खांबावर चढून काच कोण पुसणार.