यादीतून उभे राहिलेले घर



थोरामोठ्यांचे घर पाहायला गेलो की आपण त्यांची खुर्ची पाहतो, पलंग पाहतो आणि हात जोडून बाहेर पडतो. हॉलंडमधील अ‍ॅमस्टरडॅम शहरात रेम्ब्रँट या जगप्रसिद्ध चित्रकाराचे घर आहे. १९११ पासून ते संग्रहालय आहे. तेथे जाणाऱ्याने स्वयंपाकघरात जरा जास्त वेळ थांबावे.

हे घर रेम्ब्रँटने १६३९ मध्ये १३,००० गिल्डरला घेतले. बरीच रक्कम हप्त्यांनी फेडायची होती. कमाई चांगली होती, पण चित्रे, शंख, शस्त्रे, पुतळे विकत घेण्याचा नाद त्याहून मोठा. हप्ते थकले. १६५६ मध्ये दिवाळे निघाले. कारकुनांनी खोलीखोलीत फिरून ३६३ नोंदींची यादी केली. त्यात मोलाची चित्रे होती, तशी स्वयंपाकघरातली भांडी आणि जुन्या खुर्च्याही. धुवायला गेलेले ३ सदरे आणि ६ हातरुमालसुद्धा सुटले नाहीत! १६५८ मध्ये घरही विकले गेले.

आज तेथे दिसणारे सामान बहुतेक त्या काळातले, पण दुसरीकडून आणलेले आहे. कोणत्या खोलीत काय मांडायचे, हे त्याच यादीवरून ठरवले. ज्या कागदाने घर मोडले, त्यानेच ते पुन्हा उभे केले.

मात्र एक गोष्ट त्या यादीत नाही. हेंड्रिक्ये स्टोफेल्स ही या घरात कामाला आलेली बाई. पत्नी वारल्यानंतर रेम्ब्रँट पुढे तिच्याबरोबर राहू लागला. लग्न न करता राहते म्हणून १६५४ मध्ये चर्चच्या मंडळाने तिला बोलावले आणि प्रभुभोजनाच्या विधीतून वगळले. तेव्हा ती गरोदर होती. ती खचली नाही. घर गेल्यावर १६६० मध्ये तिने आणि रेम्ब्रँटचा मुलगा टायटस याने चित्रविक्रीचा भागीदारीचा धंदा काढला. रेम्ब्रँट त्यांच्यासाठी काम करणारा ठरला. त्यामुळे त्याची नवी चित्रे सावकारांच्या हाती जाईनात. १६६३ मध्ये ती वारली. तो १६६९ पर्यंत जगला आणि अखेरपर्यंत रंगवीत राहिला.

भगिनींनो, भांड्यांची मोजदाद झाली, पण ती भांडी घासणाऱ्या हातांची कोणी केली नाही. मुलांना अशी घरे दाखवाल तेव्हा घर कोणाचे, एवढेच सांगू नका. ते कोणी सावरले, हेही सांगा.