कापडावर टक्के छापावे लागतात, पेट्रोलवर का नकोत?

आम्ही कापडातली माणसे. इंजिन आणि पिस्टन हा आमचा धंदा नव्हे. तरीही या पानावर आज पेट्रोलविषयी लिहीत आहोत, कारण पेट्रोल हा आता प्रत्येक लहान व्यापाऱ्याच्या वहीतला रोजचा खर्च झाला आहे. दुकानाचे भाडे आणि विजेचे बिल महिन्याने द्यावे लागते, पण पेट्रोलचा पैसा सकाळी गल्ला उघडण्याआधीच खिशातून जातो. मोटारसायकलला साड्यांचे गठ्ठे बांधून आठवडे बाजार करणारा, कारखान्यावर सुताची कोन पोहोचवणारा, शिलाईचे काम घरोघर वाटणारा, हत्यारांची पिशवी घेऊन फिरणारा सुतार, या सर्वांचा हा प्रश्न आहे.

मालेगावाहून लुंग्या आणि साड्या घेऊन आम्ही वर्षानुवर्षे कोपरगाव, श्रीरामपूर, संगमनेरच्या बाजारांत जात आलो आहोत. गाडी २०११ सालची, पेट्रोलवर चालणारी व्हॅन. २०२५ च्या पावसाळ्यात तिने त्रास द्यायला सुरुवात केली. सकाळी लवकर चालू होईना, चढावर दम सोडू लागली, आणि एक दिवस पाहतो तर पेट्रोलच्या रबरी नळीला चिरा पडलेल्या. एक मिस्त्री म्हणाला, ‘‘चाचा, हा नव्या पेट्रोलचा परिणाम. यात इथेनॉल असते.’’ दुसरा म्हणाला, ‘‘नळी चौदा वर्षांची झाली, ती कधी ना कधी फाटणारच होती.’’ दोघांत खरा कोण, हे आम्ही ठरवू शकत नाही. पण त्याने पुढे विचारले, ‘‘टाकीत कोणते पेट्रोल भरता?’’ आणि आम्हाला उत्तर देता आले नाही. ज्या मालावर आम्ही महिन्याला दहा हजार रुपये खर्च करतो, त्यात काय आहे हेच आम्हाला ठाऊक नव्हते!

मिश्रण हा गुन्हा नव्हे

आमच्या धंद्यात मिश्रण नवे नाही. टेरीकॉट हे मिश्रणच आहे. ६७ टक्के पॉलिएस्टर आणि ३३ टक्के कॉटन असे कापड आम्ही हजारो मीटर विकले आणि गिऱ्हाइकाने ते आनंदाने नेले. ते टिकते, लवकर वाळते, इस्त्री कमी लागते. पण त्यात किती कॉटन आणि किती पॉलिएस्टर, हे कापडावर छापलेले असावे लागते. १९८८ च्या वस्त्र (ग्राहक संरक्षण) नियमांनी तसे बंधनच घातले. टेरीकॉट ‘शुद्ध कॉटन’ म्हणून विकणाऱ्याला बाजार फसवणारा म्हणतो, मग त्याचे कापड कितीही चांगले असो. मिश्रण करणे हा गुन्हा नव्हे, ते न सांगणे हा गुन्हा आहे. हाच न्याय आम्ही पेट्रोलला लावू इच्छितो.

पाच टक्क्यांपासून वीस टक्क्यांपर्यंत

इथेनॉल हे मद्यार्काच्या जातीचे इंधन. ते उसाचा रस, मळी, मका, तुटका तांदूळ यांपासून तयार होते. पेट्रोलमध्ये ते मिसळण्याचा प्रयोग २००१ साली ज्या डेपोंवर झाला, त्यांत आपल्याच मनमाड आणि मिरजेचे डेपो होते. जानेवारी २००३ मध्ये नऊ राज्यांत पाच टक्के मिश्रणाची योजना सुरू झाली. अनेक वर्षे ती रेंगाळली. जून २०२२ मध्ये देशाने दहा टक्के गाठले. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी वीस टक्क्यांचे, म्हणजे ई-२० पेट्रोल निवडक पंपांवर आले, आणि २०२५ मध्ये देशभरचे मिश्रण वीस टक्क्यांवर पोहोचले. धोरणात हे उद्दिष्ट आधी २०३० साठी होते, ते पाच वर्षे अलीकडे आणले गेले.

या योजनेत चांगले नाही असे आम्ही म्हणणार नाही. परदेशातून आणावे लागणारे तेल तितके कमी लागते. इथेनॉलचा ऑक्टेन आकडा पेट्रोलपेक्षा बराच जास्त असल्यामुळे त्यासाठीच बनवलेले इंजिन चांगले चालते. आणि ज्या तालुक्यांत आम्ही माल विकतो, ते ऊसवाल्यांचे तालुके आहेत. कारखान्याने उसाचे पैसे वेळेवर दिले तर लग्नसराईत आमची साडी खपते, आणि पैसे थकले तर आमची उधारी थकते. ७ डिसेंबर २०२३ रोजी केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर अचानक बंदी घातली, मग आठवड्याभरात ती थोडी सैल केली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये उठवली. त्या काळात कोपरगाव-श्रीरामपूरच्या बाजारात शेतकऱ्याचा हात कसा आखडला, हे आम्ही गल्ल्यावर बसून पाहिले. म्हणून इथेनॉल बंद करा, असे आम्ही कधीच म्हणणार नाही. आमचे भांडण हिशेबाचे आहे.

हिशेब काय सांगतो?

एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश शक्ती कमी असते. हा निसर्गाचा नियम आहे, त्याला कोणी बदलू शकत नाही. म्हणून वीस टक्के मिश्रणावर गाडी थोडी कमी पळणारच. नीती आयोगाने जून २०२१ मध्ये जो अहवाल दिला, त्यातच हे लिहिले आहे. शुद्ध पेट्रोलसाठी बनलेल्या आणि दहा टक्क्यांसाठी जुळवलेल्या चारचाकीचे ॲव्हरेज सहा ते सात टक्के घटेल, तशाच दुचाकीचे तीन ते चार टक्के, आणि नव्या जुळणीच्या चारचाकीचे एक ते दोन टक्के. पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये नव्या गाड्यांसाठी एक ते दोन आणि इतरांसाठी तीन ते सहा टक्क्यांचा अंदाज दिला.

दोन्हीकडे बसणारा सहा टक्क्यांचा आकडा धरून आमच्या व्हॅनचा हिशेब मांडू. गाडी लिटरला १५ किलोमीटर देते आणि महिन्याला १,५०० किलोमीटर फिरते, म्हणजे १०० लिटर पेट्रोल. सहा टक्के घट झाली तर लिटरला १४.१ किलोमीटर राहतात, आणि त्याच अंतराला १०६ लिटरच्या वर लागतात. लिटरला शंभर रुपये धरले तरी महिन्याला सहाशे-साडेसहाशे आणि वर्षाला साडेसात हजार रुपये जास्त. मोटारसायकलवाल्या फेरीवाल्याचे घ्या. लिटरला ५०, महिन्याला १,००० किलोमीटर, घट साडेतीन टक्के. त्याला वर्षाला सुमारे ८७० रुपये जास्त लागतात. मोठ्या शेठजींना ही रक्कम कदाचित दिसणारही नाही, पण फेरीवाल्याच्या घरी तेवढ्यात मुलांची वह्या-पुस्तके येतात.

शक्ती कमी, मग दर तरी कमी हवा होता. त्याच अहवालात नीती आयोगाने अशी शिफारस केली होती, की ॲव्हरेज घटते त्याची भरपाई म्हणून मिश्र पेट्रोलवर करसवलत द्यावी. पंपावर आम्हाला ती कधी दिसली नाही. मंत्रालयाचे म्हणणे असे, की अहवाल लिहिला गेला तेव्हा इथेनॉल स्वस्त होते, आता ते सरासरी लिटरला ७१ रुपये ३२ पैसे पडते (३१ जुलै २०२५ चा आकडा) आणि रिफायनरीतून निघणाऱ्या पेट्रोलपेक्षा महाग आहे. आम्ही ते मान्य करतो. पण माल महाग पडला म्हणून तो न सांगता मिसळायचा, हे कोणत्या बाजाराचे चलन?

जुन्या गाडीचे काय?

एप्रिल २०२३ पासून बनणाऱ्या गाड्यांचे रबर आणि प्लास्टिक ई-२० सोसेल असे असते. त्याआधीच्या काही गाड्यांत वीस ते तीस हजार किलोमीटरनंतर रबरी भाग बदलावे लागू शकतात, खर्च फार नाही, असे मंत्रालयानेच सांगितले. खर्च थोडा असेल, पण तो कोणाच्या खिशातून? नवी गाडी श्रीमंताकडे असते. आपला कारीगर दहा वर्षे वापरलेली दुसऱ्याची गाडी घेतो आणि पुढची दहा वर्षे चालवतो. बोजा त्याच्यावरच पडतो.

दुसरी गोष्ट पाण्याची. साध्या पेट्रोलमध्ये पाणी शिरले तर ते तळाशी वेगळे बसते. इथेनॉल मात्र पाणी ओढून घेते, आणि पाणी मर्यादेबाहेर गेले की इथेनॉल व पाणी दोन्ही मिळून खाली बसतात. मग इंजिनला पेट्रोलऐवजी ते मिश्रण मिळते आणि गाडी रस्त्यात उभी राहते. शिवाय जुन्या टाकीत वर्षानुवर्षे चिकटलेला मळ इथेनॉल सोडवते आणि तो फिल्टरमध्ये जाऊन अडकतो.

पेट्रोलमधला साबण

मळाचा विषय निघाला म्हणून आणखी एक गोष्ट. पेट्रोल जळताना इंजेक्टरवर आणि व्हॉल्व्हवर चिकट थर बसतो. तो बसू नये म्हणून पेट्रोलमध्ये थोडे स्वच्छता करणारे रसायन घालतात, कपड्याला साबण लावावा तसे. अमेरिकेत १९९५ पासून सर्व पेट्रोलमध्ये ते किमान प्रमाणात घालणे कायद्याने सक्तीचे झाले. ते किमान प्रमाण अपुरे आहे असे म्हणत २००४ मध्ये बीएमडब्ल्यू, जनरल मोटर्स, होंडा आणि टोयोटा या कंपन्यांनी ‘टॉप टियर’ नावाचे जास्त कडक मानक काढले. आपल्याकडे जास्त दराचे पेट्रोल नावाने विकले जाते. त्यात कोणते रसायन किती घातले आहे, हे आम्ही तरी कोणत्याच पंपावर लिहिलेले वाचले नाही. बरेच बंधू ‘जास्त ऑक्टेन म्हणजे जास्त साफ’ असे समजून पैसे मोजतात. तसे नाही. ऑक्टेन म्हणजे इंजिनात ठोके न पडता जळण्याचा गुण, साबण ही निराळी वस्तू. ज्या गाडीच्या पुस्तकात जास्त ऑक्टेन मागितलेला नाही, तिला तो देऊन फायदा नाही.

भेसळ वेगळी, मानक वेगळे

कोणी म्हणेल, आपल्या देशात मानके कोण पाळतो? हे खरे नाही. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ लागू झाले आणि गंधकाचे प्रमाण दशलक्षात पन्नास भागांवरून दहा भागांवर आले. ठरवले की होते. आणि भेसळीशी लढताना माणसे मेलीही आहेत. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ पानेवाडी येथे मालेगावचे अप्पर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना तेलमाफियांनी जिवंत जाळले. आमच्याच भागातली ही घटना आम्ही विसरलेलो नाही. तेव्हा शासनाने मानकाप्रमाणे मिसळलेल्या इथेनॉलला भेसळ म्हणणे चूक आहे. मात्र मिश्रण शासनाचे आहे, म्हणून ते सांगण्याची गरज नाही, हेही चूक आहे.

दुसरीकडे काय करतात?

अमेरिकेत पंधरा टक्क्यांचे मिश्रण २००१ आणि नंतरच्या मोटारींनाच चालते, मोटारसायकलींना मनाई आहे, आणि तसे पंपावर चिकटवलेले असते. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ मध्ये दहा टक्क्यांचे पेट्रोल आले, तेव्हा जुन्या गाड्यांसाठी पाच टक्क्यांचेही मोठ्या पंपांवर ठेवले. ब्राझीलचा दाखला आपल्याकडे नेहमी दिला जातो. तिथे १ ऑगस्ट २०२५ पासून तीस टक्के मिश्रण आहे, हे खरे. पण त्या देशाने सुरुवात १९७५ मध्ये केली, २००३ पासून कोणतेही मिश्रण चालणाऱ्या गाड्या आणल्या, आणि तिथे निव्वळ इथेनॉल पंपावर वेगळे मिळते. त्याचा दर पेट्रोलच्या सत्तर टक्क्यांच्या आत असेल तरच ते घ्यायचे, हा साधा हिशेब तिथला गाडीवाला पंपावर उभ्या उभ्या करतो. दोन्ही दर समोर लिहिलेले असतात, म्हणूनच तो करू शकतो.

आपल्याकडे शुद्ध पेट्रोलचा पर्याय आणि पंपावर फलक मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. न्यायालयाचा मान राखून आम्ही म्हणतो, मागणी करण्याचा हक्क त्याने संपत नाही.

आमचे म्हणणे

पहिले, प्रत्येक नोझलवर इथेनॉलचे टक्के मराठीत, ठळक अक्षरांत लिहावेत. यास खर्च रंगाच्या एका डब्याचा. दुसरे, प्रत्येक तालुक्यात निदान एका पंपावर दहा टक्क्यांपर्यंतचे पेट्रोल जुन्या गाड्यांसाठी ठेवावे. तिसरे, नीती आयोगाने सुचवलेली सवलत दरात द्यावी. चौथे, महाग पेट्रोलमधील रसायनाचे नाव आणि प्रमाण जाहीर करावे.

तोपर्यंत व्यापारी बंधूंनी आपल्या हातातले करावे. गाडीचे पुस्तक आणि टाकीच्या झाकणाजवळचे स्टिकर वाचा. सर्व्हिसिंगला रबरी नळ्या आणि फिल्टर तपासून घ्या. पावसाळ्यात टाकी फार दिवस अर्धी ठेवू नका. पंपावर फिल्टर पेपरची चाचणी, घनता आणि पाच लिटरचे माप मागण्याचा तुम्हाला हक्क आहे, लाजू नका. बिल घ्या आणि ॲव्हरेज वहीत लिहीत जा, कारण तक्रारीच्या वेळी तोंडी बोलणे कोणी ऐकत नाही. आणि ई-२० मुळे गाडीचा विमा रद्द होतो, ही अफवा पसरवू नका. मंत्रालयाने ती २०२५ मध्येच खोडून काढली आहे.

मापात पाप नको, ही शिकवण प्रत्येक दुकानदाराला पहिल्या दिवशी मिळते. आम्ही मीटर पट्टी गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर धरतो आणि कापडावरचे टक्के त्याला वाचू देतो. शासन हा देशातला सर्वांत मोठा दुकानदार आहे. त्याने निदान लहान दुकानदाराइतका तरी उजेड आपल्या दुकानात ठेवावा.