राज्य कुणावर?

दिवाळीत चार दिवस सोलापूरला जाऊन आलो. शेंगाचटणी, कडक भाकरी, आईच्या हातचं सगळं... त्यावर एक वेगळी पोस्ट होईल. आज लिहायचंय ते त्या चटणीपेक्षा तिखट आहे.

ताईचं घर सात रस्त्याजवळ. जुनी तीन मजली सोसायटी, खाली पार्किंग, आणि सुट्टीत तिथे दहा-बारा पोरांचा धुडगूस. संध्याकाळी पाच ते आठ तिथे गाडी लावायची कुणाची टाप नाही. यंदा त्या पोरांत एक नवीन मुलगा होता, नऊ वर्षांचा. वडील बँकेत, जूनमध्ये भाड्याने राहायला आलेले. मूळचे सोलापूरचेच, सेटलमेंटचे.

तर झालं असं की पोरं रोज चोर-पोलीस खेळत होती आणि तीन दिवस हा मुलगाच चोर होता. चौथ्या दिवशी त्याने विचारलं, "रोज मीच का?" त्यावर एकजण म्हणाला, "तू सेटलमेंटचा ना बे? मग तूच चोर!" सगळे खो खो हसले. मग 'पोलिसांनी' त्याला भिंतीकडे तोंड करून उभं केलं, हात वर करायला लावले आणि त्याचे खिसे तपासले. खिशात टिकल्यांची एक डबी निघाली. "ही कुणाची चोरलीस?" डबी त्याचीच होती. ह्या पोलीस पार्टीत आमचे भाचेबुवाही होते, हे सांगून टाकतो.

रात्री त्याच्या वडिलांचा सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज आला. अगदी सभ्य भाषेत, दोनच ओळी. मुलांना जरा समजावून सांगा, आमच्या घरात हा विषय खेळाचा नाही.

झालं! फटाके खाली कमी आणि ग्रुपवर जास्त. "अहो मुलं आहेत, मस्ती करणारच." "त्यांना कुठे जातपात कळते?" "आमच्या वेळी तर आम्ही एकमेकांना काय काय म्हणायचो, कुणी मेसेज टाकत बसलं नाही." दुसऱ्या मजल्यावरच्या एक ताई (बंगळूरला आमच्याच लायनीत आहेत, सुट्टीला आलेल्या) लिहित्या झाल्या की हा सरळसरळ रेसिझम आहे, त्या मुलाच्या आईवडिलांनी लेखी माफी मागावी आणि त्या मुलाला महिनाभर पार्किंगमध्ये खेळायला बंदी करावी. मग तर काय विचारता. रात्री साडेअकराला सेक्रेटरीकाकांनी "विषय इथेच थांबवावा" असं लिहून हात जोडलेले तीन इमोजी टाकले आणि विषय थांबला. म्हणजे ग्रुपवर थांबला.

माझ्या डोक्यात तो अजून चालू आहे. मला ह्यातल्या दोन्ही पार्ट्यांशी भांडायचंय, पण 'मुलं आहेत'वाल्यांशी जास्त. कारण ते संख्येने जास्त आहेत, आणि परवापर्यंत मीही त्यांच्यातलाच होतो.

आधी खेळाचंच बोलू. आपल्याकडे खेळात ज्याच्यावर पाळी येते त्याच्यावर 'राज्य' येतं. काय झकास शब्द आहे बघा. राज्य कुणावर हे ठरवायला आपण हात पालथे-उलथे टाकून सुटायचो. चिठ्ठ्यांचा राजा-वजीर-शिपाई-चोर खेळताना चिठ्ठ्या चांगल्या घुसळून फेकायचो. ही एवढी यातायात कशासाठी? तर राज्य फिरावं म्हणून. आज मी चोर, उद्या तू. ज्याच्यावर राज्य आलंय तो हसतो, कारण पुढच्या डावात ते दुसऱ्यावर जाणार हे त्याला माहीत असतं. ह्या खात्रीला मस्ती म्हणतात.

आता एखादं रँडम फंक्शन लिहिलं आणि ते दरवेळी एकच आकडा परत करायला लागलं, तर आपण काय म्हणतो? बग आहे, किंवा कुणीतरी आकडा हार्डकोड केलाय. "फंक्शनच्या मनात काही नव्हतं हो" असं म्हणून क्लायंटला डिलिव्हरी देत नाही. मुलांच्या मनात काही नव्हतं हे मी शंभर टक्के मान्य करतो. प्रश्न मनाचा नाहीच. आकडा कुणी हार्डकोड केला, हा आहे.

तर तो कुणी केला? सोलापूरबाहेरच्या मंडळींसाठी थोडा इतिहास. (सोलापूरच्या मंडळींनीही वाचायला हरकत नाही. इंजिनियर होईपर्यंत मलाही ह्यातलं काही माहीत नव्हतं.)

१८७१ साली इंग्रजांनी क्रिमिनल ट्राईब्ज ॲक्ट नावाचा कायदा केला. पुढे १९११ आणि १९२४ ला त्याच्या नव्या आवृत्त्या निघाल्या आणि तो देशभर पसरला. त्यामागचा युक्तिवाद असा, की ह्या देशात धंदा जातीने चालतो, विणकराचा पोरगा विणकर होतो, सुताराचा सुतार, तेव्हा चोराचा पोरगाही चोरच होणार. म्हणजे गुन्हा करायची गरजच नाही, जन्माला आलात की पुरे! अख्ख्या जमातीच्या जमाती यादीत घातल्या. नावनोंदणी, बोटांचे ठसे, पोलिसांकडे हजेरी, गाव सोडायचं तर पास. सोलापुरात कैकाडी, पारधी, टकारी, कंजारभाट अशा लोकांना तारेच्या कुंपणाआड ठेवलं, ती जागा म्हणजे सेटलमेंट. ह्यातल्या माणसांनी सोलापूरच्या गिरण्यांत मजुरी केली. ज्या गिरण्यांचा आपण आजही अभिमानाने उल्लेख करतो, त्यांच्यात ह्यांचाही घाम आहे. आजही शहरात 'सेटलमेंट फ्री कॉलनी' हा पत्ता आहे. त्या 'फ्री'चा अर्थ फुकट नव्हे, मोकळी.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: ह्या कायद्यात मुलांना आईबापांपासून वेगळं काढून ठेवायचीही तरतूद पुढे आली. म्हणजे कायद्याने कधी "अहो मुलं आहेत" असं म्हटलं नाही. ती सवलत सेटलमेंटच्या मुलांना नव्हती. आज ती कुणाला मिळतेय? झडती घेणाऱ्या मुलांना. ज्याची झडती झाली तोही नऊ वर्षांचंच मूल आहे, हे १०० मेसेजमध्ये तीन जणांना आठवलं असेल.

३१ ऑगस्ट १९५२ ला हा कायदा देशभरातून गेला. भटके-विमुक्त हा दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. देश १९४७ ला स्वतंत्र झाला, हे लोक पाच वर्षांनी! पण कायदा गेला म्हणून नजर जात नाही. लक्ष्मण मानेंचं 'उपरा' (१९८०) आणि लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या' (१९८७) वाचा. 'उचल्या'ला १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार आहे. आपल्यापैकी अनेकांनी ही नावं फक्त स्पर्धा परीक्षेच्या गाईडमध्ये पाठ केलीत. आणि हे सगळं जुनं झालं असं वाटत असेल तर ऑक्टोबर २०२४ चा सुप्रीम कोर्टाचा सुकन्या शांता खटल्याचा निकाल बघा. तुरुंगाच्या नियमावल्यांमधला जातीवरचा भेदभाव कोर्टाने त्यात रद्द केला. विमुक्त जमातींना जन्माने गुन्हेगारीकडे झुकलेले समजणारी भाषा त्या नियमावल्यांमध्ये तोपर्यंत होती. २०२४ पर्यंत, साहेब.

"पण ह्याला रेसिझम कसं म्हणणार? आपण सगळे एकाच रंगाचे!" हा दाजींचा मुद्दा. रास्त आहे. २००१ ला डर्बनच्या परिषदेत भारत सरकारनेही हेच म्हटलं होतं, की जात म्हणजे वंश नव्हे. पण १९६५ चा जो आंतरराष्ट्रीय करार आहे, ज्यात भारत १९६८ पासून सामील आहे, त्यात वंश आणि रंगाच्या जोडीला जन्माने मिळालेलं कूळ हेही भेदभावाचं कारण म्हणून दिलंय. तुम्हाला हवा तो शब्द वापरा. वंशवाद म्हणा, जातीयता म्हणा. पण "तुझं रक्तच चोराचं" ह्या वाक्याला वंशवाद म्हणायचं नसेल, तर तो शब्द डिक्शनरीतून काढून टाका, जागा तरी वाचेल.

आता तो लाडका मुद्दा. "आम्हालाही चिडवायचे." हो, मलाही! मी शाळेत 'चष्मिष' होतो. पुण्यात ऑफिसात अजून माझ्या 'बे'ची नक्कल होते आणि मीही चढवून 'बे' म्हणतो. मजा येते. का येते? कारण चष्म्यामागे पोलीस स्टेशन उभं नाही. 'बे' म्हणतो म्हणून मला कुणी फ्लॅट नाकारला नाही, की चोरी झाल्यावर पहिली हाक मला मारली नाही. चिडवणं आणि चिडवणं ह्यात फरक हा. पार्किंगमधला विनोद पार्किंगमध्येच संपतो की गेटबाहेर मोठी माणसं तोच विनोद वर्दी घालून, खुर्चीवर बसून करतात? गेटबाहेरही तोच चालू असेल तर आतल्याला विनोद म्हणू नका.

मोठ्यांचीही तऱ्हा तीच म्हणा. २०२० साली डॅरेन सॅमीने सांगितलं की आयपीएलमध्ये हैदराबादकडून खेळताना टीममधले त्याला 'कालू' म्हणायचे. अर्थ माहीत नसल्याने तोही हसायचा. त्याला वाटायचं, ताकदवान असा काहीतरी अर्थ असेल! नंतर उत्तर मिळालं की ते प्रेमाने म्हणायचे. असेलही प्रेम. पण ज्या प्रेमाचा अर्थ कळल्यावर माणूस दुखावतो, त्या प्रेमात एकदा बघून घ्यायला हवं. २०२० ला जे अंतरराष्ट्रीय क्रिकेटपटूंना कळलं नव्हतं, ते नऊ वर्षांच्या पोराला आपोआप कळेल अशी अपेक्षा नाही. ते सांगायचं काम आपलं आहे.

आता माझी गोष्ट. टाळत होतो, पण सांगतो.

चौथीत आमच्या वर्गात सेटलमेंटमधला एक मुलगा होता. पळायला असा चपळ की विचारू नका. चोर-पोलीसमध्ये तोच चोर, कायम. आम्ही म्हणायचो, तो पळतो छान म्हणून. तोही तसंच म्हणायचा. एके दिवशी वर्गात एकाची नवी कंपासपेटी हरवली. बाईंनी कुणाला काही विचारलं नाही. सरळ त्याच्या बाकाजवळ गेल्या आणि त्याचं दप्तर फरशीवर पालथं केलं. वह्या, पाटी, डबा, सगळं. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "चोर सापडला." वर्ग हसला. मीही हसलो. पेटी नंतर ज्याची होती त्याच्याच चित्रकलेच्या पिशवीत निघाली. बाई "बरं बरं" म्हणाल्या आणि गणित सुरू झालं. तो खाली बसून वह्या गोळा करत होता. त्या दिवसानंतर तो आमच्यात खेळायला आला नाही.

बाईंना ते कुणी शिकवलं होतं माहीत नाही. पण आम्हाला कुठे शिकायला मिळालं ते माहीत आहे. मैदानावर, रोज, खेळता खेळता.

दोन वर्षांपूर्वी तो फेसबुकवर दिसला. मी मेसेज टाकला, "ओळखलंस का?" उत्तर आलं, "हो की. चोर ना मी?" पुढे हसण्याचा एक इमोजी. तो खरंच हसत होता का, हे मला आजतागायत कळलेलं नाही. मी उलट काय लिहावं तेही सुचलं नाही. तेव्हापासून ती खिडकी तशीच उघडी आहे.

म्हणून बंगळूरच्या ताईंशी माझं भांडण. ताई, निदान बरोबर, औषध चुकलं. बंदी घालून काय होणार? त्या पोराला एवढंच कळेल की 'सेटलमेंट' हा शब्द मोठ्यांसमोर बोलायचा नाही. तो जिन्याखाली बोलेल. आणि नव्या मुलाला काय मिळेल? "ह्याच्यामुळे आमचा खेळ बंद झाला" हे आणखी एक बिरूद. लेबल लावण्याच्या खेळावर उपाय म्हणून दुसऱ्या पोराला 'रेसिस्ट' हे लेबल लावायचं, म्हणजे राज्य फक्त दुसऱ्यावर दिल्यासारखं झालं. ते पोर वाईट नाही. खेळ वाईट आहे, आणि तो खेळ त्याने शोधलेला नाही. त्याला तो वारशात मिळाला. घरात कुणीतरी म्हणालं असणार, "सेटलमेंटकडून रात्रीचं येऊ नको रे." तेवढं पुरतं.

मग मी काय केलं? फार काही नाही. भाच्याला घेऊन गच्चीवर बसलो आणि त्याला वरची कंपासपेटीची गोष्ट सांगितली, मी हसलो होतो त्या भागासकट. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मामा, पण मी फक्त हात धरले होते. खिसे मी नाही बघितले." मी म्हटलं, "मी पण फक्त हसलो होतो."

दुसऱ्या दिवशी तो आणि ताई वरच्या मजल्यावर जाऊन आले. फराळाचं ताट घेऊन गेले होते. भाचा "सॉरी" म्हणाला. त्या मुलाच्या आईने दोघांना चहा-सरबत दिलं, मुलगा आतल्या खोलीतून बाहेर आला नाही. त्याच्यावर कुणी जबरदस्ती केली नाही, हे बरं केलं. संध्याकाळी पोरांनी आता चिठ्ठ्या टाकून चोर ठरवायचा असा नियम केला. पहिल्याच डावात राज्य भाचेबुवांवर आलं. नवा मुलगा मी निघेपर्यंत खाली आला नव्हता. वरच्या गॅलरीतून बघत होता.

येईल का? माहीत नाही. माझा मित्र आला नव्हता.

एवढंच म्हणायचंय मंडळी, पुढच्या वेळी कुणी "मस्ती आहे हो" म्हणालं की वाद घालत बसू नका. एकच प्रश्न विचारा: ह्यात राज्य फिरतं का?

असो. खूप लांबलं. सोमवारी रिलीज आहे आणि माझ्या नावावर सात बग पडलेत. शेंगाचटणीची पोस्ट पुढच्या रविवारी, नक्की.