उन्हाला तारीख कळत नाही

फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा होता. तरावीहला जायच्या तयारीत असताना मामेभावाचा फोन आला. तो अबू धाबीच्या पश्चिमेकडे, अल धफ्राच्या वाळवंटी भागात एका बांधकामावर सळया बांधतो. आवाज पार बसला होता. म्हणाला, "भाईजान, आज वारा फार होता. दुपारी क्रेन बंद केली."

मी म्हटलं, "म्हणजे तुम्हाला आराम मिळाला."

तो हसला. "क्रेनला मिळाला. आम्हाला खाली सळया कापायला बसवलं. मोबाइल छत्तीस दाखवत होता."

आठवड्यापूर्वी हाच मुलगा रात्री दोन ब्लँकेट लागतात म्हणून सांगत होता.

टॉवर क्रेनवर वाऱ्याचा वेग मोजणारा मीटर असतो. ठरलेल्या आकड्यापुढे वारा गेला की क्रेन थांबवावीच लागते. तिथे मुकादमाची मर्जी चालत नाही. खाली सळया कापणाऱ्या माणसासाठी मात्र त्या दिवशी कुठलाच मीटर लागू नव्हता, कारण कॅलेंडर हिवाळा दाखवत होतं.

हिवाळा सरताना येणारा असा गरम, वाऱ्याचा दिवस आखाताला अगदीच नवा नाही. भूमध्य समुद्राकडून कमी दाबाचा पट्टा पूर्वेकडे सरकू लागला की त्याच्या पुढच्या बाजूला दक्षिणेकडून वारे ओढले जातात. हे वारे रुब अल-खालीच्या तापलेल्या वाळूवरून येतात, कोरडे आणि धुळीने भरलेले. पारा एका दिवसात आठ-दहा अंश चढतो. पट्टा पुढे गेला की वायव्येकडून शमाल सुटतो आणि पुन्हा गारवा येतो. जुन्या खलाशांना ही गोष्ट ठाऊक होती. सुहैल तारा उगवल्यापासून दहा-दहा दिवसांची मोजदाद करत वर्ष लावणारी आखाती लोकांची पद्धत याच अनुभवातून आलेली आहे. फेब्रुवारी-मार्चच्या सांध्यावरच्या दिवसांना अरबीत 'बर्द अल-अजूज' म्हणतात, म्हणजे म्हातारीची थंडी. जाता जाता एकदा कडाडून घेणारी ती शेवटची थंडी.

आता त्याच दिवसांत छत्तीस अंश. एका दिवसावरून हवामानबदलाचा निकाल लावू नये, हे मलाही मान्य आहे. पण मध्यपूर्वेचा हा सगळा पट्टा जगाच्या सरासरीच्या जवळपास दुप्पट वेगाने तापतो आहे. पायाच वर सरकल्यावर जुनाच वारा अधिक गरम दिवस आणणार, यात नवल नाही. मे २०२५ मध्ये अबू धाबी अमिरातीतल्या स्वैहानला ५१.६ अंशांची नोंद झाली. ती तारीख होती २४ मे.

तारीख मुद्दाम सांगितली. संयुक्त अरब अमिरातीत दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करून घ्यायला मनाई आहे. मोडणाऱ्या मालकाला दर कामगारामागे ५,००० दिरहम दंड आहे, कमाल ५०,००० पर्यंत. वीस वर्षांपासूनचा हा नियम चांगलाच आहे. त्याने कित्येकांचे जीव वाचले असतील. पण तो लागू होतो १५ जूनला आणि संपतो १५ सप्टेंबरला. २४ मेच्या एक्कावन्न अंशांना तो लागू नव्हता. फेब्रुवारीच्या छत्तिसाचा तर प्रश्नच नाही.

कुणी म्हणेल, छत्तीस म्हणजे काय मोठं? आपल्या विदर्भात पंचेचाळीस असतं. खरं आहे. पण शरीराला उन्हाची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. घाम लवकर सुटणं, त्यातून मीठ कमी जाणं, हृदयावरचा ताण घटणं, हे सगळं हळूहळू जमतं. उन्हात काम करताना होणारे बरेच मृत्यू पहिल्या काही दिवसांतच होतात, ते याच कारणाने. जूनच्या पंचेचाळिसाला तयार झालेला माणूस फेब्रुवारीत तयार नसतो. त्यात कोरडा वारा फसवा. घाम अंगावर टिकतच नाही, लगेच उडतो; माणसाला वाटतं, आपल्याला घाम येत नाहीये. संध्याकाळी सदऱ्यावर मिठाचे पांढरे डाग दिसतात तेव्हा कळतं, किती पाणी गेलं ते. आणि रोजा असेल तर ते पाणी मगरिबपर्यंत परत येत नाही.

रमजान कोणत्याही एका ऋतूला बांधलेला नाही. चांद्र वर्षामुळे तो दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो, आणि सध्या तो हिवाळ्याच्या शेवटाला आला आहे. थंडीतले रोजे सोपे, असं आपण सगळेच म्हणतो. मीही म्हटलं होतं. अमिरातीत रमजानमध्ये कामाचे दोन तास कमी होतात, काही मालक रात्रपाळीही लावतात. पण माझ्या भावाची पाळी सकाळचीच होती. जीव धोक्यात येत असेल तर रोजा सोडून नंतर कजा करण्याची मुभा शरियतमध्ये आहे, हे त्याला माहीत आहे. तो सोडणार नाही. चारचौघांत पाण्याची बाटली तोंडाला लावायची लाज वाटते, असं तो म्हणाला.

मग करायचं काय? कतारने २०२१ मध्ये दुपारच्या सुट्टीचे तास तर वाढवलेच, शिवाय एक आकडाही ठरवला. ऊन, दमटपणा, वारा आणि तापमान मिळून निघणारा निर्देशांक ३२.१ च्या वर गेला, तर वर्षाच्या कोणत्याही दिवशी काम थांबवायचं. क्रेनसारखाच मीटर, पण माणसासाठी. मला ही दिशा बरोबर वाटते. मात्र तेवढ्याने भागणार नाही, हेही सांगायला हवं. कोरड्या हवेत हा निर्देशांक कमीच भरतो. फेब्रुवारीच्या त्या दुपारी तो बहुधा ३२.१ पर्यंत पोचलाच नसता. म्हणून मीटरच्या जोडीला दुसरा नियम हवा: अवकाळी उन्हाच्या पहिल्या दिवसांत आणि सुट्टीवरून परतलेल्या कामगाराला पहिल्या आठवड्यात उघड्यावरचं काम थोडं थोडं वाढवत द्यायचं.

हे अशक्य नाही. केरळच्या कामगार खात्याने २०२५ मध्ये ११ फेब्रुवारीपासूनच दुपारी बारा ते तीन उघड्यावरची कामं बंद ठेवायला लावली होती. उन्हाळा लवकर आला, म्हणून आदेशही लवकर निघाला. (आपल्या महाराष्ट्रात उन्हाळ्यात सल्ले निघतात. सल्ल्याने मुकादम ऐकतो का, ते कुठल्याही स्लॅबवर जाऊन पाहावं.)

आपल्या कोकणातल्या घरांनीही थोडं बोलायला हवं. गल्फमधून येणाऱ्या पैशाने गावात घरं उभी राहिली, मदरशांना छप्परं आली, बहिणींची लग्नं झाली. फोनवर आपण पगार विचारतो, सुट्टी विचारतो, पार्सल कधी पाठवतोस ते विचारतो. "आज ऊन किती होतं, पाणी किती प्यायलास, लघवी पिवळी होतेय का" हे कुणी विचारत नाही, आणि तोही सांगत नाही. मामीला अजून वाटतं, तो ऑफिसात बसतो.

ईदनंतर तो दीड महिना सुट्टीवर येतोय. परतीचं तिकीट २८ मेचं काढलंय. दुपारची सुट्टी १५ जूनला सुरू होते. तिकीट पुढे ढकलता येईल का, म्हणून मी विचारलं. तो म्हणाला, "कंपनी ऐकणार नाही, भाईजान."