साठ सेकंदांत काय मावतं?

बंगळूरच्या उत्तरेला हेब्बाळचा तलाव आहे, तलावाशेजारी उड्डाणपूल आहे आणि पुलावर संध्याकाळी गाड्यांची न संपणारी रांग असते. विमानतळाकडे निघालेले आणि जवळच्या मान्यता टेक पार्कमधून सुटलेले, सगळे इथेच अडकतात. त्यांत पुणे, कोल्हापूर, सोलापूर, बेळगावहून नोकरीसाठी आलेली मराठी मुलं-मुलीही असतात. खोलीवर पोचायला रात्रीचे आठ-नऊ वाजतात. मग डबा उघडता उघडता एखाद्या वाहिनीचं मिनिटाभराचं बातमीपत्र पाहून होतं. पेट्रोल, पाऊस, क्रिकेट, एखादा नवा सिनेमा... संपलं! गावाकडे आई-वडील मात्र अर्ध्या तासाच्या बातम्या पाहत बसलेले असतात. "बातम्या पाहिल्यास का?" वडील फोनवर विचारतात. "पाहिल्या की," मुलगा म्हणतो. वडिलांना ते पटत नाही. मिनिटाभरात कसल्या आल्यात बातम्या?

वडिलांची शंका रास्त आहे. त्यांची पिढी वेगळ्या सवयीत वाढली. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि मराठी बातम्या पडद्यावर आल्या. स्मिता पाटील, भक्ती बर्वे, प्रदीप भिडे यांनी त्या वाचल्या. स्मिता पाटील तेव्हा विशीतही नव्हती. वाचणारी तरुण होती, पण बातम्या साऱ्या घरासाठी होत्या. आजोबांपासून नातवापर्यंत सगळे एकाच संचासमोर बसत. तरुणांसाठी वेगळ्या बातम्या असाव्यात, हा विचारच नव्हता.

तो विचार हळूहळू आला. १९९५ मध्ये दूरदर्शनच्या मेट्रो वाहिनीवर 'आज तक' सुरू झालं, तेव्हा ते अवघ्या वीस मिनिटांचं बातमीपत्र होतं. सुरेंद्र प्रताप सिंह यांनी त्यात सरकारी हिंदीला रजा दिली आणि घरात बोलतात तशा भाषेत बातम्या सांगितल्या. तिकडे ब्रिटनमध्ये बीबीसीने फेब्रुवारी २००३ मध्ये तरुण प्रेक्षकांसाठी 'बीबीसी थ्री' ही वाहिनी काढली. तिच्यावर दोन कार्यक्रमांच्या मध्ये '६० सेकंद' नावाचं बातमीपत्र लागायचं. एका मिनिटात देश, परदेश, खेळ आणि मनोरंजन! मालिका बघायला बसलेला तरुण बातम्यांसाठी वेगळी वाहिनी लावणार नाही, तेव्हा बातमीनेच त्याच्याकडे जावं, असा सरळ हिशेब. फेब्रुवारी २०१६ मध्ये ही वाहिनी पडद्यावरून गेली आणि ते मिनिटही गेलं. १ फेब्रुवारी २०२२ रोजी वाहिनी परत आली, तेव्हा तरुणांसाठी तीन मिनिटांचं नवं बातमीपत्र तिच्यावर आलं.

आता थोडा हिशेब करू. निवेदक मिनिटाला साधारण शंभर-सव्वाशे शब्द वाचतो. या लेखाचा पहिला परिच्छेद मोठ्याने वाचायला जवळपास तेवढाच वेळ लागतो. एवढ्या जागेत चार बातम्या नीट मावतात. पण आपल्याकडे अर्ध्या तासात शंभर बातम्या देण्याची टूम निघाली. जाहिरातींची सहा मिनिटं वजा केली, तर एका बातमीच्या वाट्याला पंधरा सेकंदसुद्धा येत नाहीत. मागे ढोल-ताशा, पडद्यावर लाल पट्ट्या आणि निवेदकाला श्वास घ्यायची फुरसत नाही. म्हणजे अर्धा तास पाहूनही हाती मिनिटाभराचाच ऐवज लागतो. मोठं बातमीपत्र म्हणजे भरपूर माहिती, हा समज काही खरा नाही.

नेमकी आणि भरवशाची बातमी वेळेवर न मिळण्याची किंमत बंगळूरने मोजलेली आहे. जुलै २०१२ मध्ये आसामात कोक्राझार भागात दंगली उसळल्या. ऑगस्टच्या मध्यावर बंगळूरमध्ये मोबाइलवरून संदेश फिरू लागले, की ईशान्येकडच्या लोकांवर इथेही हल्ले होणार आहेत. हॉटेलांत, सुरक्षारक्षकांच्या कामात, ब्युटी पार्लरमध्ये, कॉलेजांत असलेली ही बहुतेक विशी-पंचविशीतली मुलं. घाबरून हजारोंनी रेल्वे स्टेशन गाठलं. गुवाहाटीसाठी खास गाड्या सोडाव्या लागल्या. वाहिन्यांवर स्टेशनातली गर्दी दिसत होती, आणि ती पाहून घाबरणारे आणखी घाबरत होते. मुख्यमंत्री जगदीश शेट्टर यांनी शहर सोडू नका, असं आवाहन केलं. १७ ऑगस्टला केंद्र सरकारने देशभर घाऊक संदेशांवर पंधरा दिवसांची बंदी घातली. एका वेळी पाचांपेक्षा जास्त जणांना संदेश पाठवता येईना.

अफवासुद्धा छोटीच असते, हे इथे ध्यानात घ्यायला हवं. दोन ओळींत ती सांगून होते, तरुणाच्या हातातल्या फोनवर पोचते आणि त्याच्याच भाषेत बोलते. तिला गाठायचं तर खरी बातमीही तेवढीच आटोपशीर आणि तेवढीच चपळ हवी. 'शहरात अमुक वाजेपर्यंत असा एकही हल्ला झालेला नाही, पोलिसांनी हे सांगितलं आहे, मदतीसाठी हा क्रमांक' एवढं सांगायला वीस सेकंद पुरतात. रात्री नऊच्या चर्चेची वाट पाहणाऱ्याची गाडी तोवर सुटलेली असते.

थोडक्यात सांगूनही बातमी पुरी कशी ठेवावी, याचा एक नमुना खुद्द हेब्बाळमध्येच सापडला आहे. २०१८ मध्ये तिथे एक वीरगळ मिळाला. तो सुमारे इसवी सन ७५० चा, म्हणजे गंग राजा श्रीपुरुष याच्या काळातला आहे. वेरूळचं कैलास लेणं ज्यांच्या राजवटीत खोदलं गेलं, त्या राष्ट्रकूटांच्या सैन्याने या भागावर हल्ला केला आणि त्यांच्याशी लढताना कित्तय्या नावाचा वीर पडला, अशी नोंद त्यावर जुन्या कन्नडमध्ये आहे. दगड कोरणं कष्टाचं काम, तेव्हा पाल्हाळाला वाव नव्हता. तरीही राज्य कोणाचं, मुलूख कोणता, हल्ला कोणाचा आणि पडला कोण, हे सगळं मोजक्या ओळींत आलं. त्यामुळेच पावणेतेराशे वर्षांनी वाचणाऱ्यालाही काय घडलं ते कळतं.

मिनिटाच्या बातमीपत्राला हीच कसोटी लावता येईल. कुठे घडलं, केव्हा घडलं, कोणी सांगितलं आणि आपल्याला त्यातून काय करायचं आहे, या चार प्रश्नांची उत्तरं मिळाली तर ते मिनिट सत्कारणी लागलं. नुसतंच 'खळबळ', 'हादरलं', 'मोठी बातमी' ऐकू आलं, तर मिनिट काय आणि तास काय, दोन्ही वायाच.

तेव्हा गावाकडच्या वडिलांनी "बातम्या पाहिल्यास का?" असं विचारण्याऐवजी "काय कळलं, सांग बघू," असं विचारून पाहावं. मुलाने चार वाक्यांत नीट सांगितलं, तर त्याचं बातमीपत्र चांगलं आहे, असं खुशाल समजावं. आणि मग मुलानेही तोच प्रश्न वडिलांना विचारावा. अर्धा तास पाहून त्यांनाही चार वाक्यं सांगता यायला हवीत!