सुट्टीच्या दिवशीचा ताप

पिंपरी-चिंचवड आणि भोसरीतल्या अनेक कारखान्यांचा रविवार गुरुवारी येतो. सगळ्या औद्योगिक वसाहती एकाच वारी बंद राहिल्या तर विजेचा सगळा भार उरलेल्या दिवसांवर पडतो, म्हणून भागाभागाला सुट्टीचे वेगवेगळे वार वाटून दिले गेले. त्यामुळे बाप गुरुवारी घरी आणि मुलं रविवारी घरी, अशी कुटुंबं इथे गल्लोगल्ली आहेत. बँकेतलं काम, गळका नळ, गावाकडची आई, गाडीची तक्रार, सगळं गुरुवारवर ढकललं जातं.

भोसरीतल्या एका मशीन शॉपमध्ये काम करणाऱ्या अशाच एका गृहस्थाने पावसाळ्यातल्या एका गुरुवारी आईला मंचरहून डोळे तपासायला आणायचं ठरवलं होतं. सकाळी उठला तेव्हा अंगात सणसणीत ताप. खरं तर कणकण आधीपासूनच होती. दोन पाळ्या त्याने पॅरासिटामॉलवर काढल्या होत्या. “उद्या सुट्टीच आहे, झोपेन दिवसभर,” असं आदल्या रात्री बायकोला सांगून तो आडवा झाला होता. तरीही आई वाट बघत असेल म्हणून खाली उतरला, गाडीची किल्ली फिरवली, तर डॅशबोर्डवरचे दिवे लागले आणि सेल्फ नुसता टकटक करत राहिला.

शेजारीपाजारी अशा वेळी नशिबाला बोल लावतात. एकाच दिवशी माणूसही पडला आणि गाडीही! पण यात नशिबाचा भाग फारच थोडा आहे.

गाडीचंच बघा. हा माणूस सहा दिवस कंपनीच्या बसने जातो आणि गाडी सोसायटीत उभी असते. उभ्या गाडीतही सेंट्रल लॉक, अलार्म आणि संगणकाची स्मृती बॅटरीतून थोडा थोडा विद्युतप्रवाह घेतच राहतात. बारा व्होल्टची बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर मीटर साधारण १२.६ दाखवतो, आकडा १२ च्या खाली गेला की ती जवळजवळ रिकामी झालेली असते. अर्धवट भरलेल्या अवस्थेत ती दिवसेंदिवस राहिली, तर आतल्या शिशाच्या पट्ट्यांवर शिसे-सल्फेटचे कण जमून कडक होतात आणि पुन्हा चार्ज केलं तरी ती पूर्वीसारखी भरत नाही. मंडईपर्यंतच्या फेरीत सेल्फ मारताना गेलेलीही वीज नीट भरून येत नाही. डॅशबोर्डच्या दिव्यांना जेमतेम प्रवाह लागतो, पण इंजिन फिरवायला क्षणभर शंभराहून जास्त अँपिअर लागतात. तेवढा भार पडताच व्होल्टेज कोसळतं आणि टकटक ऐकू येते. म्हणजे बॅटरी कित्येक दिवस मरत होती. तिला हाक गुरुवारी मारली, म्हणून कळलं गुरुवारी.

शेजाऱ्याच्या गाडीवरून केबल जोडून इंजिन चालू केलं. गॅरेजमधल्या फिटरने चालत्या इंजिनावर मीटर लावला, आकडा चौदाच्या आसपास आला, तेव्हा डायनामो ठीक असल्याचं कळलं. बॅटरीचा मात्र एक सेल बसला होता. नवी घ्यावी लागली. जुनी परत दिल्याने काही रक्कम वजा झाली, कारण तिच्यातलं शिसं वितळवून पुन्हा वापरतात. या सगळ्यात दुपार झाली आणि गॅरेजच्या बाकावर बसलेल्या माणसाला हुडहुडी भरली.

शरीराची कथाही वेगळी नाही. नेदरलँड्समधल्या टिलबर्ग विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ आड फिंगरहुट्स यांनी सुट्टी लागली की आजारी पडणाऱ्या लोकांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांच्या पाहणीत असं सांगणारे लोक शंभरात तीनच्या आसपास निघाले. भोसरीतलं कारण मात्र बहुधा साधं आहे. ताप सुट्टीच्या दिवशी येत नाही, त्याच्याकडे लक्ष द्यायला सुट्टीच्या दिवशी फुरसत मिळते. आणि ही दिरंगाई पावसाळ्यात धोक्याची असते. डेंग्यूचं निदान करणारी एनएस-१ चाचणी पहिल्या चार-पाच दिवसांत सर्वांत उपयोगी पडते, आणि या आजारात तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान ताप उतरायला लागतो तोच काळ सर्वांत जपण्याचा असतो. ताप उतरला म्हणून कामावर जायचं, तर नेमकं याच दिवसांत. अंगदुखीसाठी घरात पडलेली आयब्युप्रोफेन किंवा अॅस्पिरिन घेतली तर रक्तस्रावाची भीती वाढते.

या गृहस्थाच्या रक्तात डेंग्यू निघाला नाही. तरीही डॉक्टरांनी तीन दिवस विश्रांती सांगितली. शुक्रवारी पहिल्या पाळीला तो कंपनीच्या बसमध्ये होता, कारण खाडा पडला असता तर त्या दिवसाच्या पगाराबरोबर महिन्याचा हजेरी भत्ताही गेला असता.

इथे नारायण मेघाजी लोखंडे यांची आठवण व्हायलाच हवी. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीतल्या या कार्यकर्त्याने १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांना एकत्र केलं आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन तयार झालं. रविवारची सुट्टी ही त्यातली सर्वांत गाजलेली मागणी, आणि १० जून १८९० रोजी ती मान्य झाली. पण त्याच निवेदनात आणखी एक मागणी होती: काम करताना जखमी झालेल्या कामगाराला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा. सुट्टी वेगळी आणि बरं होण्याचे दिवस वेगळे, हे लोखंडे यांनी तेव्हाच स्वच्छ मांडलं होतं. मुंबईत प्लेगची साथ आली तेव्हा ते रुग्णांच्या सेवेत उतरले आणि १८९७ मध्ये प्लेगनेच गेले.

आजारपणासाठी आज राज्य कामगार विमा योजना आहे. आजारी कामगाराला तिच्यातून सरासरी वेतनाच्या ७० टक्के रक्कम वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळू शकते. २०१७ पासून वेतनाची मर्यादा २१ हजार रुपये ठरली, त्यामुळे जरा जास्त कमावणारा कुशल कामगार बाहेर राहतो. जो आत आहे, त्यालाही सहसा आजाराचे पहिले दोन दिवस काही मिळत नाही. पावसाळी ताप पुष्कळदा दोन-तीन दिवसांचाच असतो, म्हणजे ज्या आजारात माणूस अंगावर काढून कामावर जातो, नेमका तोच उघड्यावर पडतो. ही दोन दिवसांची अट काढून टाकायला हवी.

युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०१२ मध्ये स्पेनमधल्या एका खटल्यात निकाल दिला की वार्षिक रजेत कामगार आजारी पडला, तर ते दिवस त्याला नंतर परत मिळाले पाहिजेत. रजा विश्रांतीसाठी आणि आजारपणाची सुट्टी बरं होण्यासाठी, असं त्यामागचं तत्त्व. आपल्याकडेही १९४८ च्या कारखाना कायद्याने ठरवलं होतं की साप्ताहिक सुट्टीला कामावर बोलावलं तर बदली सुट्टी त्याच महिन्यात किंवा पुढच्या दोन महिन्यांत द्यायची. कामगार तिला कॉम्प ऑफ म्हणतात आणि हजेरीपटावर ती मांडण्याची सवय प्रत्येक टाइम ऑफिसला आहे. डॉक्टरांच्या दाखल्यावर अंथरुणात गेलेल्या गुरुवारलाही तीच लागू केली, तर त्यासाठी नवा रकानाही आखावा लागणार नाही.